कच्च्या वाटेवर सायकलचा पूर्ण दिवस: आदल्या रात्रीपासून मुक्कामापर्यंत

डांबरी रस्त्यावर पन्नास-साठ किलोमीटर सहज मारणारी माणसं कच्च्या वाटेच्या पहिल्या मोठ्या फेरीत अंधारात अडकतात, तेव्हा दम कमी पडलेला असतो असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा वेळेचा हिशेब चुकलेला असतो. शंभर किलोमीटर म्हणजे पाच-सहा तास, हे गणित डांबरावरचं. कच्च्या वाटेवर मुरूम, खडी आणि चिखल असतो. मधेच एखादं फाटक उघडून पुन्हा लावावं लागतं, ओढ्यात उतरून सायकल पलीकडे न्यावी लागते. तेच पाय आणि तीच सायकल इथे ताशी बारा ते पंधरा किलोमीटरच्या पुढे सरकत नाही. म्हणून दिवस आखायचा तो तासांत. अंतर त्या तासांत जेवढं बसेल तेवढंच घ्यायचं. पुढे जे काही सांगतो आहे, टायरच्या हवेपासून दुपारच्या विश्रांतीपर्यंत, ते याच दृष्टीने सांगतो आहे.

तासांचा हिशेब

एक ठोस उदाहरण घेऊ. वाट ७० किलोमीटरची आहे आणि एकूण चढ ९०० मीटरचा. ताशी १४ किलोमीटरने नुसतं अंतर कापायला ५ तास लागतील. दर १०० मीटर चढाला १० मिनिटं वाढवा, म्हणजे आणखी दीड तास. पाणी भरणं, खाणं, नकाशा बघणं, फोटो यांसाठी सरासरी तासाला १० मिनिटं जातातच, तो झाला आणखी एक तास. हे साडेसात तास झाले. आता यात एक पंचमांश वेळ राखीव म्हणून घाला: पंक्चर, वाट चुकणं, अंगावर येणारा वारा. एकूण ९ तास. सकाळी ६ ला निघालात तर दुपारी ३ वाजता पोहोचाल आणि उजेड हाताशी राहील. हाच हिशेब ११ तासांवर गेला आणि उजेड १२ तासांचाच असला, तर ती वाट एका दिवसाची नाही. ती दोन दिवसांत करा किंवा लहान करा.

राखीव वेळ वगळून अंदाज करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो राखीव वेळ कशात जाईल हे आधी कळत नाही, पण तो जातो हे नक्की.

दुसरी गोष्ट, सुटकेच्या जागा. तुमची वाट जिथे जिथे पक्क्या रस्त्याला छेदते किंवा वस्तीजवळून जाते ते बिंदू नकाशावर आधीच खुणावून ठेवा. प्रत्येकापुढे एक वेळ लिहा: या पुलापाशी ११ पर्यंत, या वस्तीपाशी १ पर्यंत. एखाद्या ठिकाणी तासाभराहून जास्त उशीर झाला असेल तर तिथूनच पक्का रस्ता धरायचा, हे घरी बसून ठरवा. थकलेला, उन्हाने तापलेला माणूस वाटेत बसून हा निर्णय नीट घेत नाही, त्याला पुढचा टप्पा नेहमी सोपा वाटतो. ठरवलेल्या वेळा कागदावर लिहून हँडलवर चिकटवल्या तर त्या समोर राहतात.

हाच कागद घरी एकाजवळ ठेवा. निघण्याची वेळ, वाट, पोहोचण्याची अपेक्षित वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधाशोध सुरू करायची, एवढं त्यावर पुरे.

नकाशा

२००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर आज बहुतेक सायकल ॲप चालतात. त्यात शेतवाटांना प्रत दिलेली असते. पहिल्या प्रतीची वाट म्हणजे पक्की किंवा घट्ट दाबलेली, पाचव्या प्रतीची म्हणजे मऊ माती किंवा नुसतं गवत. पाचव्या प्रतीची वाट पावसानंतर सायकलीची राहत नाही. अर्थात ही प्रत कोणीतरी स्वेच्छेने भरलेली असते आणि कित्येक वाटांना ती नसतेच, म्हणून उपग्रहाचं छायाचित्र जोडीला बघा. चाकांच्या दोन समांतर रेषा स्पष्ट दिसत असतील तर वाट वापरात आहे. झाडीत मधेच लुप्त होणारी रेषा असेल तर तिच्यावर दिवस टांगू नका.

ॲपने आपोआप काढलेला मार्ग जसाच्या तसा स्वीकारू नये. ते अंतर वाचवण्यासाठी तुम्हाला खासगी शेतातून, बंद खाणीतून किंवा पायऱ्यांवरून नेऊ शकतं. पूर्ण मार्ग एकदा बोटाने पुढे सरकवत बघा, अर्धा तास लागतो. मग नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण रेंज जिथे हवी तिथेच जाते. दिवसभर फोन विमान मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी खूप टिकते. त्याशिवाय मुख्य वळणांची छापील यादी खिशात असावी.

लांब पल्ल्याची पहिलीच वेळ असेल तर जुन्या रेल्वेमार्गावर किंवा कालव्याकाठी केलेली वाट निवडा. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून अशा वाटांवर चढ साधारण दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जात नाही. अमेरिकेत पिट्सबर्गहून कंबरलंडपर्यंत जाणारी सुमारे २४० किलोमीटरची ग्रेट ॲलेगेनी पॅसेज ही वाट अशीच, आणि तिच्यापुढे कालव्याकाठची वाट थेट वॉशिंग्टनपर्यंत जाते. अशा वाटेवर शरीर किती तास खोगिरावर टिकतं ते कळतं, वाटेशी झुंज न घेता.

सायकल: आदल्या रात्री अर्धा तास

तपासणी सकाळी करू नका. सकाळी ढिला पेडल सापडला तर तुम्ही तो तसाच घेऊन निघाल.

टायरपासून सुरुवात करा, कारण कच्च्या वाटेवर सायकलचा सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच. रुंदी ४० ते ५० मिलीमीटर असावी. हवा किती भरायची यावर लोक सर्वाधिक चुकतात, आणि चुकतात ते जास्तीच्या बाजूला. टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतो, उडालेलं चाक पकड सोडतं, आणि प्रत्येक धक्का तुमचे मनगट आणि पाठ खातात. जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये हवेचा टायर बनवला तो आपल्या मुलाची तीनचाकी धक्के न खाता चालावी म्हणून, आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हवेचं पहिलं काम आजही तेच आहे. ४५ मिलीमीटरच्या टायरला, मध्यम वजनाच्या माणसासाठी, ३० ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावर लिहिलेलं असतं) या टप्प्यात सुरुवात करा. मागच्या चाकावर भार जास्त असतो, म्हणून तिथे दोन-चार पीएसआय जास्त. मग एखाद्या खडकाळ तुकड्यावर दोन-दोन पीएसआय कमी करत जा. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला की तिथून तीन-चार पीएसआय वर चढा. तो आकडा तुमचा. लिहून ठेवा.

ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर असेल तर आतलं सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) ओलं आहे का ते चाक हलवून ऐका. ते काही महिन्यांत वाळतं आणि वाळलेलं सीलंट काटा थांबवत नाही.

ब्रेक दाबून बघा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर तसंच निघू नका. पॅडवरचं अस्तर मिलीमीटरभर उरलं असेल तर बदला, लांब उतारावर आणि चिखलात ते एका दिवसात संपू शकतं. चेन मापकाने तपासा: अकरा किंवा बारा गिअरच्या चेनला ०.५ ची खूण (चेन अर्धा टक्का ताणल्याची) आत गेली तर नवी चेन घाला. नाहीतर ती मागच्या दात्यांनाही खाऊन टाकते. तेल घातल्यावर चेन बाहेरून कोरडी पुसून घ्या. बाहेरचं तेल धूळ पकडण्याखेरीज काही करत नाही.

मग चाक उचलून फिरवा आणि बाजूने बघा: डगमगतं का, आरे ढिले आहेत का. दोन-दोन आरे चिमटीत दाबत गेलं की ढिला आरा हाताला लगेच कळतो. शेवटी कॅरिअरचे स्क्रू आणि बाटलीच्या स्टँडचे बोल्ट आवळा. कच्च्या वाटेच्या थरथरीने सर्वात आधी हेच निसटतात.

गिअरबद्दल एवढंच सांगतो: सर्वात हलका गिअर तुम्हाला वाटतो त्यापेक्षा हलका हवा. पुढे ३० आणि मागे ३६ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.८ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसहा किलोमीटर. इतक्या हळू वेगानेही सायकलवर बसून राहता येतं आणि गुडघे शाबूत राहतात. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलर, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, वापरू देत नसत, गिअर बदलणं हे कमजोरीचं लक्षण समजलं जाई. ती समजूत काही सायकलस्वारांच्या मनात अजून आहे, आणि तिची किंमत गुडघे मोजतात.

सीटची उंची: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग पायाचा चवडा ठेवला की गुडघ्यात योग्य तेवढा बाक उरतो. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. मोठ्या दिवसाच्या आदल्या दिवशी मात्र सीट हलवू नका. नवे बूट, नवी सीट, नवी पॅडची चड्डी यांतलं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नये.

काय बरोबर घ्यायचं

सामानाचं वजन चार-पाच किलोच्या आत ठेवा. जड वस्तू खाली आणि फ्रेमच्या जवळ, हलक्या वस्तू हँडलवर. हँडलवर जड पिशवी असली की वाळूत पुढचं चाक तुमचं ऐकत नाही. पाठीवर पिशवी शक्यतो नको. तिचं वजन दिवसभर सीटवर दाबलं जातं आणि पाठ घामाने भिजून राहते.

दुरुस्तीसाठी दोन ट्यूब (ट्यूबलेस असलं तरी), पॅच, सॉल्यूशन, टायर काढायचे लिव्हर, पंप, चेन तोडता येईल असा बहुउपयोगी पाना, तुमच्या चेनच्या मापाची जोडकडी, आणि डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर. हा शेवटचा तुकडा मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे सायकल पडली तर फ्रेमऐवजी तो तुटावा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि वाटेत कुठेच मिळत नाही. काही प्लॅस्टिकचे बंध आणि पंपाच्या नळीवर गुंडाळलेली चिकटपट्टी जवळपास सगळ्याला उपयोगी पडते. अंगासाठी पावसाचं हलकं जॅकेट, प्रथमोपचाराचं सामान, शिट्टी, रोख पैसे. आणि दिवसाच परतायचं ठरवलेलं असलं तरी पुढचा आणि मागचा दिवा.

बूट असे घ्या ज्यात चालता येईल. कच्च्या वाटेवर सायकल ढकलणं हा सायकल चालवण्याचाच भाग आहे.

पहाटे निघा, पहिला तास हळू

उजाडताना निघा. थंडावा हे एक कारण झालं. दुसरं तेवढंच मोठं कारण वारा. रात्री जमिनीलगतची हवा स्थिर असते. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वरखाली घुसळते आणि वरचा जोराचा वारा खाली उतरतो. म्हणून मोकळ्या माळावर सकाळी ८ ला जो रस्ता सोपा होता तोच दुपारी २ ला दीडपट वेळ घेतो. वाट गोलाकार असेल तर वाऱ्याच्या विरुद्धचा भाग सकाळी उरकून घ्या. दऱ्याखोऱ्यांत दिवसा वारा दरीतून वर वाहतो आणि रात्री खाली, हेही आखताना धरा.

पहिला तास इतक्या हळू चालवा की सलग वाक्य बोलता यावं. पाय ताजे असतात, हवा थंड असते आणि वेग आपोआप वाढतो. तो मुद्दाम आवरावा लागतो. सकाळी वाचवलेली दहा मिनिटं दुपारी तासाभराने फेडावी लागतात. पाऊण तासाने एकदा थांबा: ब्रेक घासतो का, पिशवी सरकली का, बुटाच्या आत कुठे रगडतं का. या वेळी केलेला बदल दिवसभर पुरतो.

वाट वाचणं

इथे सगळ्यात जास्त वेळ वाचतो, आणि हाडंही. नजर पुढच्या चाकावर नको, दहा-पंधरा मीटर पुढे हवी. जिथे बघाल तिथे सायकल जाते. दगडाकडे टक लावून बघितलं तर दगडावरच जाल.

सुट्या खडीवर वळण घेताना वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक सोडा. बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर वजन. पुढचा ब्रेक सायकल सरळ असतानाच लावावा, तोही हळुवार. वळलेलं चाक खडीत पुढच्या ब्रेकने घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही.

वाळूचा पट्टा दिसला की शिरण्याआधी एक-दोन गिअर हलके करा, वजन थोडं मागे न्या, हँडल सैल धरा आणि पेडल थांबवू नका. पुढचं चाक थोडं इकडेतिकडे भटकेल, भटकू द्या. दुरुस्त करायला हँडल झटकलं की ते रुततं.

गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या असतील तर सुरुवातीलाच एक निवडा आणि तिच्यातच राहा. मधूनच बाहेर पडण्यासाठी हँडल तिरकं केलं तर चाकोरीची कड चाक अडवते आणि तुम्ही आडवे पडता. बाहेर पडायचंच असेल तर थांबून उतरा. भिजलेल्या मुळ्या, लाकडी फळ्या, रूळ हे काटकोनातच ओलांडावेत, त्यावर ब्रेक नको, वळण नको.

बहुवापराच्या कोरड्या मातीच्या रस्त्यांवर पत्र्याच्या पन्हाळीसारख्या आडव्या लाटा तयार होतात. गाड्यांची चाकं सुट्या मातीवर उडत-आदळत त्या घडवतात. रस्त्याच्या अगदी कडेला किंवा वळणाच्या बाहेरच्या अंगाला त्या उथळ असतात. कड सुरक्षित असेल तर तिथून चालवा, सीटवरून किंचित उठून.

चिकण मातीच्या चिखलाशी वाद घालू नका. तो टायरला चिकटतो, फ्रेम आणि चाकाच्या मधे भरतो, आणि चाक फिरेनासं झालं की माणूस आणखी जोर लावतो. नेमक्या याच वेळी डिरेलर आऱ्यांत ओढला जाऊन हँगर तुटतो. चाक जड व्हायला लागलं की उतरा, शेजारी गवत असेल तर त्यावरून ढकला, नसेल तर उचला. काडीने चिखल काढत पुढे जाणं संथ वाटतं, पण तुटलेल्या डिरेलरपेक्षा ते खूप जलद आहे.

उतारावर दोन्ही पेडल आडवे, जमिनीला समांतर ठेवा. पार्श्वभाग सीटवरून उचलून थोडा मागे, कोपर वाकलेले, प्रत्येक ब्रेकवर एक किंवा दोन बोटं. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. थोडा वेळ घट्ट दाबा, मग सोडा, म्हणजे डिस्क निवते. हात सुन्न होऊ लागले तर उतार संपायची वाट बघू नका, थांबा. सुन्न बोटांना ब्रेक किती दाबला ते कळत नाही. हँडलवर तळहाताची जागा दिवसभर बदलत राहिलात तर हे बरंच टळतं, कारण करंगळीच्या बाजूने जाणारी शीर सतत एका जागी दबली की बोटं बधिर होतात.

ओढा लागला तर आधी पायी जाऊन खोली बघा. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका. पावसानंतर पाणी चढत असेल तर कमी असलं तरी नको, कारण तुम्ही पलीकडे गेल्यावर परतीचा मार्ग बंद होतो. सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा, म्हणजे पाण्याने ती ढकलली तरी तुमच्या अंगावर येणार नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवा, मगच वेग घ्या.

खाणं आणि पाणी

भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. शरीरात साठलेली साखर काही तासांच्या श्रमात संपते. ती संपली की पाय एकदम रिकामे होतात, हात थरथरतात, चिडचिड होते आणि साधं वळण सुचत नाही. यातून बाहेर यायला अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून निघाल्यापासून अर्ध्या तासाने पहिला घास आणि मग दर अर्ध्या तासाने थोडं थोडं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे माप धरा. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, त्यावरून बाकीचा अंदाज बांधता येईल. गोड खाऊन कंटाळा येतो, म्हणून निम्मं खाणं खारट घ्या. दुपारी पोटभर, तेलकट जेवण मात्र टाळा. त्यानंतरचा तास वाया जातो.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, कडक उन्हात त्याहून थोडं जास्त. पुढचं खात्रीचं पाणी किती तासांवर आहे ते बघून भरा. इथेही किलोमीटर मोजू नका. आठ किलोमीटरचा चढ म्हणजे भर उन्हातला दीड तास असू शकतो. घामाबरोबर मीठ जातं, आणि नुसतं पाणी खूप प्यायल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळ ही त्याचीही लक्षणं असतात, आणि अशा वेळी आणखी पाणी पाजणं घातक ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या जलसंजीवनीच्या पुडीत एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ती पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा, अर्ध्या लिटरात नको.

ओढ्याचं पाणी प्यावं लागलं तर उकळी येऊन एक मिनिट होऊ द्या, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. गढूळ पाणी आधी कपड्यातून गाळून घ्या, गाळात जंतुनाशक वाया जातं.

दुपार

ऊन टळटळीत असेल तर बारा ते तीनमध्ये तासभर तरी सावलीत काढा. हा तास हिशेबात आधीच धरलेला असावा. बूट-मोजे काढा, पाय उंचावर ठेवा, पॅडची चड्डी ओली असेल तर वारा लागू द्या. त्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. शिवणीची रेघच कातडी सोलते.

बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, अंग भाजतं आहे असं वाटलं, तर तो उष्माघात समजा. घाम येतो आहे की नाही यावरून ठरवू नका, श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, असेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि मदत बोलवा. बहुतेक मोबाईलवरून ११२ हा क्रमांक आपत्कालीन सेवेला जोडला जातो, पण ज्या देशात जाल तिथला क्रमांक आधी बघून ठेवा.

वीज दिसली की सेकंद मोजा. आवाज एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो. वीज आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे, माळ आणि कडा सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जा. एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही.

पंक्चर: घाई न करता पंधरा मिनिटं

सायकल वाटेबाहेर घ्या. मागचं चाक असेल तर आधी चेन सर्वात लहान दात्यावर आणा, मग चाक निघतं सहज. उरलेली हवा पूर्ण सोडा. टायरची कड दोन्ही अंगठ्यांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत पूर्ण गोल फिरा, म्हणजे समोरच्या बाजूला टायर ढिला होतो आणि लिव्हरला जोर लागत नाही. व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने टायरची एकच कड काढा.

ट्यूब काढताना तिची दिशा लक्षात ठेवा. ती थोडी फुगवून ओठांजवळून किंवा गालाजवळून फिरवा, हवेची बारीक झुळूक तिथे जाणवते. भोक सापडलं की व्हॉल्व्ह जुळवून ट्यूब टायरवर धरा: टायरमध्ये काटा नेमका कुठे आहे ते कळतं. एकच भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा किंवा काच. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर ट्यूब दगड आणि रिम यांत चिमटली आहे, म्हणजे हवा कमी आहे. आतल्या अंगाला भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे. हे न बघता नवी ट्यूब घातली तर पाच मिनिटांत तेच पुन्हा.

टायरच्या आतून बोटं हलकेच, सावकाश फिरवा. काट्याचं टोक कित्येकदा केसाएवढंच आत आलेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही, कापडाचा बोळा फिरवला तर त्याला अडकतं. ते बाहेरून नखाने किंवा पान्याच्या टोकाने ढकलून काढा. टायर फाटला असेल तर आतून जाड कागद, खाऊच्या वेष्टनाची घडी किंवा जुन्या टायरचा तुकडा लावा, नाहीतर ट्यूब त्या फटीतून बाहेर फुगते.

वाटेत पॅच लावण्यापेक्षा नवी ट्यूब घालणं बरं, फुटलेली संध्याकाळी दुरुस्त होते. पॅच लावायचाच असेल तर काचकागदाने भोकाभोवतीची जागा मॅट होईपर्यंत घासा, सॉल्यूशन पॅचपेक्षा मोठ्या जागेत पातळ पसरा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. ओल्या सॉल्यूशनवर लावलेला पॅच उखडतो. मग अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्या.

नवी ट्यूब गोल होईल इतकीच फुगवून आत घाला, म्हणजे पीळ पडत नाही. टायरची कड व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा, आणि शेवटचा घट्ट भाग लिव्हरने नको, तळहाताने चढवा. हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी बघा, ट्यूब कडेखाली अडकली नाही ना. थोडी हवा भरा, पुन्हा बघा, मग पूर्ण भरा. चाक बसवल्यावर ब्रेक दाबून खात्री करा.

हँगर तुटला आणि दुसरा नसेल तर चेन तोडून लहान करा, मागच्या मधल्या एका दात्यावर सरळ रेषेत बसवा आणि डिरेलर बांधून ठेवा. एकाच गिअरवर सुटकेच्या जागेपर्यंत जाता येतं.

माणसं, जनावरं, फाटकं

फाटक जसं मिळालं तसंच सोडा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. उघडं ठेवलेलं फाटक गुरांना पाण्याकडे जाण्यासाठीही असतं. पेरलेल्या शेतातून सायकल नेऊ नका, ओल्या वाटेवर खोल रेघा पाडू नका. पायी चालणाऱ्याच्या मागून येताना लांबूनच बोला किंवा घंटी वाजवा. घोडा दिसला तर मात्र घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा, त्याने जनावर बिचकत नाही. हळू व्हा, लांबून जा. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका.

कुत्रा मागे लागला तर बहुतेक वेळा उतरून थांबणं आणि सायकल आपल्या आणि त्याच्या मधे धरणं हाच उत्तम उपाय. पळणाऱ्या चाकाचा तो पाठलाग करतो, थांबलेल्याचा नाही. चावला किंवा ओरखडा उठला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर वाचणं जवळपास अशक्य असतं, म्हणून फेरी तिथेच सोडली तरी चालेल.

शेवटचे दोन तास आणि मुक्काम

बहुतेक पडझड दिवसाच्या शेवटी होते: डोकं थकलेलं, ऊन तिरपं, खड्ड्यांच्या सावल्या लांब. या तासांत खाणं थांबवू नका. सूर्य किती वेळ राहिला हे बघायला हात लांब करून बोटं आडवी धरा. क्षितिज आणि सूर्य यांत मावणारं एक बोट म्हणजे साधारण १५ मिनिटं, चार बोटं म्हणजे तास. डोंगर क्षितिज झाकत असेल तर उजेड त्याआधीच जातो. दोन बोटं उरली की दिवे लावा, आणि समोर तासाभराहून जास्त वाट असेल तर जवळच्या पक्क्या रस्त्यावर या.

पोहोचल्यावर पहिल्या तासाभरात पोटभर खा, त्यात डाळ, अंडं किंवा दूध यांतलं काहीतरी असावं. पॅडची चड्डी लगेच उतरवा, अंग धुऊन कोरडं करा, कातडी लाल झालेल्या जागी मलम लावा. मग वहीत दोन ओळी लिहा: अंदाज किती तासांचा होता, प्रत्यक्षात किती लागले, वेळ कशात गेला. चार-पाच फेऱ्यांनंतर तुमचा स्वतःचा ताशी वेग आणि स्वतःचा चढाचा आकडा हाती येतो, आणि मी वर दिलेले आकडे तुम्हाला लागणार नाहीत.

दुसऱ्या दिवशीही निघायचं असेल तर झोपण्याआधी सायकलला वीस मिनिटं द्या. धूळ कोरड्या ब्रशने झटका, जोराच्या पाण्याचा फवारा हब आणि पेडलच्या बेअरिंगवर मारू नका, चेन पुसून तेल घाला. टायर हळूहळू फिरवत रुतलेले खडे आणि काटे काढा. ट्यूबलेसमध्ये काटा काढल्यावर हवा सुटली तर भोक खाली येईल असं चाक फिरवून ठेवा, म्हणजे सीलंट तिथे जमतं. रात्रभरात ते धरलं की नाही ते सकाळी टायर दाबून कळेल. धरलं नसेल तर निघण्याआधी प्लग (भोकात ठासायची चिकट रबरी पट्टी) मारा.